विणकरांच्या टेकडीवरून ल्यों

ल्योंला जायचं ठरवलं ते मावशीनं, आणि त्याला कारण जॅकार्डचा माग. सोलापूरच्या पूर्व भागात माझं आजोळ. आजोबा चादरीच्या कारखान्यात जॅकार्डचे पुठ्ठे पंच करायचे. चादरीवर मोर उमटणार की वेल, हे त्या पुठ्ठ्यांच्या भोकांत आधीच ठरलेलं असतं, आणि ती भोकं आजोबांच्या हातची असायची. मावशी इतिहासाची शिक्षिका. निवृत्तीनंतर फ्रान्सला जायचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "पॅरिस सगळेच बघतात. ज्याच्या यंत्रावर बाबांनी आम्हाला वाढवलं, त्याचं गाव मला बघायचंय." जोसेफ मारी जॅकार्ड १७५२ साली ल्योंमध्ये जन्मला आणि १८०४ मध्ये त्याच्या यंत्रानं आकार घेतला. नक्षीचं रेशीम विणायला तोवर विणकराशिवाय दोऱ्या ओढणारा आणखी एक माणूस लागायचा, बऱ्याचदा लहान मूल. पुठ्ठ्यांच्या साखळीनं ते काम आपल्याकडे घेतलं.

पॅरिसबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे वेगळं काही नाही. तिथल्या गार द ल्यों स्टेशनावरून टीजीव्हीत बसलं की दोन तासांत ल्यों येतं. फ्रान्समधला पहिला वेगवान रेल्वेमार्ग १९८१ मध्ये याच दोन शहरांसाठी सुरू झाला.

शहराची ठेवण पहिल्या दिवशी समजून घेतली तर पुढे पाय कमी दुखतात. रोन आणि सॉन या दोन नद्या इथे एकत्र येतात. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्याला प्रेस्कील म्हणतात. सॉनच्या पश्चिमेला फूर्व्हिएरची टेकडी, तिच्यावर पांढरं बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, आणि पायथ्याशी जुनं ल्यों. उत्तरेला, दोन नद्यांच्या बेचक्यात, क्रोआ-रूसची टेकडी, तिच्यावर विणकर. ल्योंचे लोक पहिलीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि दुसरीला राबणारी. आम्ही राबणाऱ्या टेकडीच्या उतारावर एक खोली घेतली, आणि ल्योंला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. बहुतेक प्रवासी खाली प्रेस्कीलवर किंवा जुन्या ल्योंमध्ये राहतात आणि क्रोआ-रूसला तासाभरासाठी वर येऊन जातात. पण या शहराची घरं, जेवण आणि बाजार एकमेकांत कसे गुंतलेत ते इथूनच कळतं.

खोलीत शिरल्यावर आम्ही दोघी आधी वर बघत राहिलो. छत चार मीटर उंच, म्हणजे आपल्या हिशेबानं तेरा फूट. जवळजवळ बसवलेल्या जाड लाकडी तुळया उघड्याच ठेवलेल्या. खिडक्या अरुंद, पण जवळपास छतापर्यंत गेलेल्या. अर्ध्या खोलीवर एक लाकडी माळा, त्यावर चढायला शिडी आणि वर गादी. माळ्यावर ताठ उभं राहता येत नाही. मावशी खालीच झोपली, मी वर.

ही उंची श्रीमंतीची नाही. जॅकार्डचं यंत्र मागाच्या वर बसतं आणि ते जुन्या घरांच्या बुटक्या खोल्यांत मावेना. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या टेकडीवर नव्या इमारती उठल्या, मागाच्या मापानं. मागाचे हादरे सोसायला भक्कम तुळया, रेशमाचा रंग उजेडात पारखता यावा म्हणून मोठ्या खिडक्या. विणकराच्या कुटुंबानं झोपायचं माळ्यावर, स्वयंपाकाला मागापासून उरलेला कोपरा. एकदा हे माहीत झालं की क्रोआ-रूसच्या कुठल्याही गल्लीत मान वर केली की घर वाचता येतं. बाहेरून साध्या भिंती, नक्षीकाम जवळजवळ नाही, नुसत्या उंच खिडक्यांच्या एकावर एक ओळी. पॅरिसच्या देखण्या बाल्कन्यांपुढे या इमारती कोणाला रुक्ष वाटतील. मला फ्रान्समध्ये पाहिलेल्या सगळ्या इमारतींत याच जास्त भावल्या, कारण त्यांच्यातला एकही इंच मिरवण्यासाठी नाही.

सकाळी बाजार. क्रोआ-रूसच्या बुलेव्हारवर मंगळवार ते रविवार सकाळी भाजीबाजार भरतो, रस्त्याच्या कडेनं लांबच लांब. मंगळवारी त्यात कपडे आणि भांडीकुंडीही येतात. दुपारी एकच्या सुमारास सगळं आवरायला लागतं आणि पाठोपाठ रस्ता धुणारी गाडी येते. बाजाराच्या टोकाला एक भलामोठा दगड ठेवलाय. खालून केबलच्या गाडीचा बोगदा खणताना तो सापडला. आल्प्समधल्या हिमनदीनं वाहून आणलेला दगड. मुलं त्यावर चढून बसतात.

इथे खरेदीची एक रीत आहे आणि ती पाळली की माणसं मोकळेपणानं बोलतात. आधी बाँझूर म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय भाव विचारला तर उत्तर मिळतं, पण कोरडं. मग आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. रांग दिसत नाही, पण प्रत्येकाला आपल्या आधी कोण आलंय ते ठाऊक असतं. आणि फळाला हात लावायचा नाही. आपण मंडईत टोमॅटो दाबून, भेंडीचं टोक मोडून घेतो, इथे ते काम विक्रेत्याचं. तो विचारतो, कधी खाणार? आज की उद्या? तुमच्या उत्तराप्रमाणे फळ निवडून देतो. घासाघीस नसते. भाव किलोचा लिहिलेला असतो, पण अर्ध्या किलोला तिथले लोक अजून लीव्र म्हणतात, म्हणजे पौंड. पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा आपली कापडी पिशवी बरोबर हवी.

मावशीनं दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट हेरली. काही ठेल्यांवर बाराही महिन्यांची फळं होती, दूरदूरच्या देशांची नावं लिहिलेली. काहींवर जेमतेम चार-पाच प्रकारच्या भाज्या, त्याही वेड्यावाकड्या, आणि वर पाटी 'प्रोद्युक्तर'. म्हणजे स्वतः पिकवणारा. "हा शेतकरी, तो व्यापारी," ती म्हणाली. मालावर तो कुठून आला हे लिहिणं बंधनकारक असल्यामुळे फरक कळायला भाषा लागत नाही. आम्ही पाटीवाल्यांकडूनच घेऊ लागलो.

सप्टेंबरची सुरुवात होती, म्हणून पेश द व्हिन्य मिळाले. द्राक्षमळ्यातले पीच. दिसायला हे फळ कोणी उचलणार नाही असं. साल राखाडी, लवदार, धूळ बसल्यासारखी. विक्रेत्या बाईंनी एक फळ सुरीनं मधोमध कापून समोर धरलं. आतला गर गडद लाल, बीजवळ जांभळ्याकडे झुकणारा, आणि रस तिच्या मनगटापर्यंत ओघळला. आधी गोडी, मग जिभेच्या कडांना आंबटपणा. ल्योंच्या आसपासच्या टेकड्यांवर हे पिकतं, हंगाम थोड्याच आठवड्यांचा. आम्ही किलोभर घेतले आणि खोलीपर्यंत जाताना दोन संपले.

चीजच्या गाडीवर मावशीची अडचण झाली. ती शाकाहारी आहे, अंडं चालतं. फ्रान्समधलं बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं विरजतात. हे मी तिला आधीच सांगितलं होतं, आणि गाडीवर विचारून खात्री केल्यावर तिनं चीजचा नाद सोडला. मी सें-मार्सेलँ घेतलं. गाईच्या दुधाची तळहातात मावणारी चपटी वडी. बाईंनी बोटानं हळूच दाबून तीन बाजूला ठेवल्या आणि चौथी दिली, कारण मी आज रात्रीच खाणार असं सांगितलं होतं. रात्री कापलं तेव्हा ते ताटलीत पसरलं, ब्रेडनं टिपून खावं लागलं. मावशी समोर पीच खात बसली होती. म्हणाली, "वासावरून तरी मला चालणार नव्हतंच."

मेझों दे कान्यूमध्ये हातमाग चालवून दाखवतात. ल्योंच्या रेशीम विणकरांना कान्यू म्हणतात, आणि हे त्यांचं छोटं संग्रहालय मेट्रो स्टेशनापासून चालत काही मिनिटांवर आहे. विणकर मागावर बसला, पायाखालची पट्टी दाबली, वरचं यंत्र खाड्‌कन हललं आणि पुठ्ठ्यांची साखळी एक घर पुढे सरकली. जिथे भोक, तिथे सुई आत जाते आणि तिथला ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खाली राहतो. मधून धोटा जातो. मग पुढचा पुठ्ठा. बाकीचे पाहुणे कापडाकडे बघत होते. मावशी मान वर करून पुठ्ठ्यांकडे बघत होती, आणि प्रात्यक्षिक संपल्यावर तिनं पुढे जाऊन विचारलं, फाटलेला पुठ्ठा तुम्ही कसा बदलता? आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजी-फ्रेंचमधून प्रश्न पोचला. विणकरानं साखळीचे दोन पुठ्ठे दोरीनं कसे बांधलेत ते जवळून दाखवलं. मावशीनं मान डोलावली. "बाबा असेच बांधायचे," ती म्हणाली.

तिथल्या धंद्याची रचनाही आम्हाला समजावून घ्यावी लागली नाही. रेशीम आणि मागणी व्यापाऱ्याची, माग आणि घर विणकराचं, मजुरी विणलेल्या मापावर. सोलापुरात सुताबाबत हेच ऐकत आम्ही वाढलो. ऑक्टोबर १८३१ मध्ये विणकरांनी किमान मजुरीचा दर मान्य करून घेतला, काही व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला, आणि नोव्हेंबरमध्ये कान्यू टेकडीवरून खाली उतरले. काम करत जगू, नाहीतर लढत मरू, असं त्यांच्या काळ्या झेंड्यावर होतं. काही दिवस शहर त्यांच्या हातात राहिलं. मग पॅरिसहून फौज आली आणि दर रद्द झाला. १८३४ मध्ये पुन्हा उठाव, तोही चिरडला. हे सगळं ऐकून बाहेर पडल्यावर मावशी चालता चालता १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल बोलत राहिली. गिरणी कामगारांच्या शहरात वाढलेल्या शिक्षिकेला तो दुवा आपसूक लागतो.

कूर दे व्होरास हे त्याच उतारावरचं चौकाचं घर. प्लास कोल्बेरवरच्या नऊ नंबरच्या दारातून आत गेलं की समोर सहा मजले चढत जाणारा उघडा दगडी जिना येतो. कठड्याला सजावट नाही, दगड पावसानं काळवंडलेला. इथून तिथून दारं फुटतात आणि वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या रस्त्यांना मिळतात. अशा आरपार वाटांना त्राबूल म्हणतात. एका रस्त्यावरच्या दारातून शिरायचं, चौक, जिने, बोळ ओलांडून दुसऱ्या रस्त्यावर निघायचं. विणकर पावसात रेशमाचे तागे भिजू न देता यातून खाली न्यायचे, आणि दुसऱ्या महायुद्धात प्रतिकार चळवळीच्या लोकांना या वाटा जर्मनांपासून निसटायला उपयोगी पडल्या.

त्राबूल बघायचे कसे, हे नीट सांगते. शहरात ते शेकडो आहेत, पण बरेचसे खासगी. मोजक्यांसाठी नगरपालिकेनं घरमालकांशी करार केलेत आणि ते लोकांसाठी उघडे असतात. दाराशी छोटी पाटी दिसते. सकाळच्या वेळी जावं. दार बंद दिसलं तरी बाजूच्या बटणांच्या पट्टीवर वरचं किंवा वेगळं लिहिलेलं एक बटण असतं, ते दाबलं की कुलूप सुटतं. आत गेल्यावर दिवा शोधावा लागतो, तो थोड्या वेळानं आपोआप विझतो. वर लोक राहतात, कपडे वाळत असतात, सायकली टेकलेल्या असतात. आम्ही कुजबुजतच बोललो.

जुन्या ल्योंमधले त्राबूल यांच्यापेक्षा जुने आणि देखणे आहेत, कारण तिथले मालक व्यापारी आणि सावकार होते. सें-झाँ रस्त्यावरच्या ५४ नंबरातून शिरून ब्यफ रस्त्यावरच्या २७ नंबरातून बाहेर पडणारा त्यांत सगळ्यात लांब. इमारतीमागून इमारत, चौकामागून चौक. मला मात्र झ्युइवरी रस्त्यावरचं आठ नंबरचं घर जास्त आवडलं. फिलिबेर दलोर्म या वास्तुकारानं १५३६ मध्ये, अगदी तरुण वयात, इथे चौकातल्या दोन इमारती जोडायला एक सज्जा बांधला. चौकात विहीर होती, जागा अडवायची नव्हती. म्हणून त्यानं खाली खांब न घेता कोपऱ्यांतून पंख्यासारखे दगडी कंस काढले आणि सज्जा त्यांवर तोलला. खाली उभं राहून प्रत्येक दगडाची कड बघितली तर एकही दुसऱ्यासारखी नाही. प्रत्येक दगड वेगळ्या वाकणाचा तासलाय. या सगळ्या मोहल्ल्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला पाडापाडीचं सावट होतं. रहिवासी अडून बसले, आणि १९६४ मध्ये जुनं ल्यों फ्रान्सचं पहिलं संरक्षित नगरक्षेत्र ठरलं. १९९८ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे.

आता जेवण. ल्योंच्या घरगुती खानावळींना बूशाँ म्हणतात. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खेटून मांडलेली टेबलं, आणि जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून येणारी बोजोले वाइन. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसातनंतर एवढ्याच वेळात चूल पेटलेली असते. अडीच वाजता भूक लागली तर बेकरी गाठायची. जागा आधी राखून ठेवावी. पाण्यासाठी 'कराफ दो' म्हणावं, नळाचं पाणी फुकट येतं. ब्रेडही फुकट, तो थेट टेबलावर ठेवतात. टिप बिलात धरलेली असते.

हे विणकरांचं आणि मजुरांचं जेवण आहे हे पहिल्या घासाला कळतं. प्राण्याचा कुठलाही भाग वाया घालवायचा नाही, हे त्याचं सूत्र. ताब्लिए द सापर म्हणजे वजडी, पांढऱ्या वाइनमध्ये मुरवून, ब्रेडचा चुरा लावून तळलेली. ती गाईची असते, म्हणून मी घेतली नाही, आणि वाढणाऱ्या बाईंनी कारण न विचारता दुसरं सुचवलं. पाईक माशाची कनेल. मासा वाटून त्यात अंडी आणि लोणी घालून केलेला लांबट मऊ गोळा, भट्टीत फुगून दुप्पट झालेला, आणि भोवती गोड्या पाण्यातल्या चिंगाट्यांचा दाट रस्सा. पाईकमध्ये बारीक काटे फार. तो वाटून घेण्यामागे हाच हिशेब असणार.

सेर्व्हेल द कान्यू हा त्यांचा दुसरा पदार्थ. ताज्या मऊ चीजमध्ये बारीक चिरलेले छोटे कांदे, लसूण, चाइव्हची पात, मीठ, मिरी, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. चक्क्यात लसणाची फोडणीवजा कोशिंबीर कालवली तर जशी लागेल तसं ते लागतं. विणकरांना मांस परवडेना, तेव्हा हे ब्रेडबरोबर चालायचं.

मावशीची सोय ग्रातँ दोफिन्वानं केली. बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, साय, लसूण, मंद भट्टीत. अस्सल रीतीत त्यात चीज नसतं. तरी विचारून घ्यावं, कारण काही जण वर किसून घालतात. ल्योंच्या कोशिंबिरीतून डुकराच्या मांसाचे तुकडे वगळायला सांगितलं, की कडवट पानं, तळलेले ब्रेडचे तुकडे आणि वर अर्धकच्चं अंडं उरतं. काटा लावला की पिवळं बलक पानांवर उतरतं. शेवटी लाल-गुलाबी प्रालीनचा तार्त. साखरेत घोळवलेले गुलाबी बदाम सायीत शिजवून भरलेला. रंग बघून मला तो बेगडी वाटला होता. खाल्ल्यावर मत बदललं. मावशीनं दोन्ही वेळा तोच मागवला.

या चुली बायकांनी नावारूपाला आणल्या हे मला ल्योंबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या, त्यांना ल्योंच्या मेअर, म्हणजे माता, म्हणतात. त्यांतली युजेनी ब्राझिए शेतावरची मुलगी. १९३३ मध्ये तिच्या दोन उपाहारगृहांना मिळून मिशलँ या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेचे सहा तारे मिळाले. ज्या पॉल बोक्यूझ या शेफचं नाव आज शहरभर दिसतं, तो तिच्या स्वयंपाकघरात शिकला. शहरातल्या मोठ्या बंदिस्त बाजाराला २००६ पासून बोक्यूझचं नाव आहे.

त्या बाजारात, ले आलमध्ये, आम्ही गेलो. १९७१ मधली काच आणि काँक्रीटची इमारत, आत चकचकीत. ब्रेस या भागातली कोंबडी बघायला मिळाली. पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, आणि १९५७ च्या कायद्यानं राखलेलं नाव. ती डोकं, मानेवरची पिसं आणि पाय ठेवूनच विकतात, ओळख पटावी म्हणून. माल उत्तम, पण भाव चढे, आणि बघे गिऱ्हाइकांपेक्षा जास्त. अर्धा तास पुरे झाला. वेळ कमी असेल तर मी ले आल वगळेन आणि सॉनच्या काठावरच्या सें-आंत्वान धक्क्याच्या भाजीबाजारात जाईन. तोही मंगळवार ते रविवार सकाळीच असतो, आणि नदी ओलांडली की पलीकडे लगेच जुन्या ल्योंचे त्राबूल सुरू होतात. सोमवारी दोन्हीकडे भाजीबाजार नसतो, तेव्हा ल्योंला रविवारी रात्री पोचेल असं तिकीट काढू नका.